चालती पिकअप मधेच बंद पडते? आधी करंट शोधा, मग पार्ट बदला

माझी पिकअप जुनी आहे. यांत्रिक पंपाची डिझेल गाडी, किलोमीटरचा आकडा कधीचाच थांबलेला. दिवाळीनंतर कापूस, मग तूर-हरभरा, उन्हाळ्यात लग्नाचं सामान, असं तिचं वर्ष जातं. दोन हंगामांपूर्वी तिला नवंच खूळ लागलं. दिवसा यवतमाळकडच्या वणीपर्यंत निमूट जायची. रात्री मात्र वडकीच्या पुढं, हिंगणघाटच्या वाटेवर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत ब्रेक दाबला की गप्प. चावी फिरवली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

पहिल्या मेकॅनिकनं डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्यानं बॅटरी बदलायला लावली. तिसऱ्यानं पंपावरचं सोलेनॉइड, म्हणजे डिझेलची करंटवर चालणारी झडप, नवीन टाकलं आणि आठ दिवसांनी म्हणाला, "काकाजी, आता पंपच उतरवा लागते." पंप उतरवला नाही म्हणून वाचलो. दोष चावीच्या स्विचमध्ये होता आणि तो सापडला एका बारक्या दिव्यानं. कसा, ते पुढं येईलच. त्या भानगडीत जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. मी मेकॅनिक नाही, पण हे करायला मेकॅनिक असावं लागत नाही.

गाडी थांबली त्या क्षणी काय दिसलं?

आधी जीव सांभाळा. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते. पेडल एक-दोनदा नेहमीसारखं लागेल, नंतर दगडासारखं होईल. म्हणून ब्रेक उगाच पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होईल. गाडी सरकत असताना चावी पूर्ण उलटी फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. थांबल्यावर हँडब्रेक लावा, चाकाखाली दगड ठेवा, पार्किंगचे दिवे आणि मागं त्रिकोण. गाडीत कापूस असेल आणि रबर जळल्याचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कापसाला ठिणगी पुरते.

मग दोन मिनिटं शांत बसून आठवा. निम्मा शोध इथंच लागतो, आणि नेमकं हेच आपण मेकॅनिकला सांगत नाही. "गाडी बंद पडून राहिली ना भाऊ," एवढंच सांगतो.

आचके देत, धूर टाकत, ताकद सोडत बंद पडली असेल तर बहुतेक डिझेलचा प्रश्न आहे: फिल्टर, पाइपातली हवा, टाकीतला कचरा. दिवा मालवावा तसं इंजिन एका झटक्यात गेलं असेल तर करंट शोधा. मग पुढचा प्रश्न, त्या वेळी डॅशबोर्ड कसा होता? हेडलाइट, हॉर्न, मीटर सगळंच मेलं असेल तर दोष बॅटरीच्या टर्मिनलवर, मुख्य अर्थवर (बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला जोडणारी तार) किंवा मुख्य फ्यूजवर. हेडलाइट चालू, पण चावीवर चालणाऱ्या गोष्टी (डॅशबोर्डचे इशारा-दिवे, इंडिकेटर, वायपर) गेल्या असतील तर चावीचा स्विच किंवा त्याचा फ्यूज. सगळं शाबूत आणि फक्त इंजिन गेलं असेल तर पंपाच्या सोलेनॉइडची वायर, किंवा नव्या गाडीत सेन्सर आणि रिले (बारीक करंटच्या हुकुमावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच).

एक जागा फसवी आहे. टाकीतला कचरा तोंडाशी अडकला की गाडी थांबते, दहा मिनिटांत कचरा खाली बसतो, गाडी पुन्हा चालू होते. हुबेहूब वायरिंगसारखं. फरक इतकाच की कचऱ्यानं थांबणारी गाडी जाण्याआधी थोडी तरी कुरकुरते.

तुमची गाडी कोणत्या जातीची?

हे न कळता हात घातला तर अर्धा दिवस फुकट जातो. 1 एप्रिल 2017 ला देशभर बीएस-4 हे धुराचे नियम लागू झाले. त्याआधीच्या गावाकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये यांत्रिक पंप आहे. या इंजिनाला एकदा चालू झाल्यावर जवळपास काहीच करंट लागत नाही. लागतो तो फक्त पंपावरच्या शट-ऑफ सोलेनॉइडला. त्याला 12 व्होल्ट मिळत आहेत तोवर डिझेलची वाट उघडी, करंट तुटला की वाट बंद. एका वायरीचा खेळ.

त्याहून जुन्या काही गाड्यांत सोलेनॉइडच नाही, इंजिन बंद करायला केबल ओढावी लागते. तुमची गाडी तशी असेल आणि चालता चालता बंद पडत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका, सरळ डिझेलच्या मागे लागा. काही पंपांत सोलेनॉइडचं काम उलटं असतं, म्हणजे करंट दिला की इंजिन बंद होतं. तिथं वायर तुटली तर इंजिन बंदच होणार नाही. ओळखायची सोपी रीत अशी: इंजिन चालू असताना सोलेनॉइडची वायर काढून बघा. इंजिन थांबलं तर पहिली जात.

कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर डिझेल सोडणाऱ्या, गाड्यांचं गणित वेगळं. तिथं ईसीएम नावाचा डबा सगळं ठरवतो. क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे सांगणारा) सिग्नल, रेलचा दाब, डब्याला मिळणारा सप्लाय आणि अर्थ, यांतलं काहीही गडबडलं की इंजिन जातं. चावी लावल्यावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागत असेल तर गाडी बहुतेक या जातीची.

सामान फार नको

साधा डिजिटल मल्टीमीटर हवाच. त्याच्यासोबत टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकांना मगरीचे चिमटे. दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप, चार-दोन फ्यूज आणि दहा-पंधरा फूट वायर सीटखाली ठेवा.

मीटर असताना दिवा कशाला, असं कोणी विचारेल. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर तिच्यावर छान 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. दिवा लावला की लगेच मंद दिसतो. ठिबकवाल्यांना हे पटकन कळेल. व्हॉल्व बंद ठेवून पाइपाला गेज लावला तर दाब भरपूर, पण व्हॉल्व उघडला की शेवटच्या सरीला थेंब नाही. वायरीचंही तसंच, भार टाकल्याशिवाय तिची लायकी कळत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: ईसीएम आणि सेन्सरच्या वायरींना बल्ब लावायचा नाही. तिथं फक्त मीटर.

बॅटरी, टर्मिनल आणि अर्थ

कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक हे गाळतात. गाळू नका, सुरुवात इथूनच करा.

हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, ती हायड्रोजन सोडते आणि तो पेटतो. रात्रभर उभी असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 11.8 म्हणजे रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि काटे बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच ठेवून बघा. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि बॅटरीतलं पाणी दिसता दिसता उडतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहा, खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा. बोअरचं पाणी कुठलंच चालत नाही, अन् अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं तर मुळीच नाही. त्या क्षारांनी प्लेटांचा बळी जातो.

आता टर्मिनल. हातानं पिळून बघा. जरा जरी फिरलं तर तोच तुमचा चोर असू शकतो: खड्ड्यात धक्का बसला, टर्मिनल उचललं गेलं, ईसीएमवाली गाडी गप्प. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवा, खुंटी आणि टर्मिनल आतून चकचकीत होईस्तोवर घासा, कसा, आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन अन् मग कसणं हा उलटा कारभार मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे.

निगेटिव्ह तार चेसिसवर जिथं बोल्टनं बसते आणि इंजिनापासून बॉडीला जी जाड पट्टी जाते, त्या दोन्ही जागा शोधा. शोधा म्हणतो, कारण दिसत नाहीत. आपली काळी माती तिथं थरावर थर चढवते, पावसाळ्यात ओली राहते आणि आतला लग (तारेच्या टोकाची कडी) हिरवा होऊन खाल्ला जातो. बाहेरून बोल्ट घट्ट, आत राख.

मोजायची रीत: मीटर डीसी व्होल्टवर, काळा काटा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल काटा इंजिनाच्या उघड्या, घासलेल्या लोखंडावर. सेल्फ मारा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट आला तर अर्थ खराब, मग मीटरमध्ये आणखी काही पाहायची गरज नाही. हीच मोजणी बॉडीवर करा, तीही हेडलाइट आणि हॉर्न चालू ठेवून. इंजिनाचा अर्थ गेला की करंट दुसरी वाट धरतो. सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर अर्थ तिच्यातून जातो आहे असं समजा.

चार्जिंग

चावी सेल्फच्या आधीच्या टप्प्यावर आणली की बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. चावीवर तो लागतच नसेल तर खूश होऊ नका. जुन्या बऱ्याच गाड्यांत त्या दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला, म्हणजे डायनेमोला, जागवतो. बल्ब उडाला की डायनेमो झोपलेला राहतो.

इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मोजा: 13.8 ते 14.4 व्होल्ट बरोबर. हेडलाइट लावूनही 13.5 च्या वर राहायला हवं. 15 च्या वर गेलं तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलं. ते बॅटरी उकळवेल आणि नव्या गाडीचा ईसीएम जाळेल. मीटर एसी व्होल्टवर घेऊन तिथंच मोजलं आणि अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अल्टरनेटरमधला डायोड गेला असावा. अशा लहरी करंटानं सेन्सर गोंधळतात.

अल्टरनेटर तपासायला इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची जुनी खोड आहे. करू नका. व्होल्टेज उसळतं आणि डायोड, ईसीएम, जे सापडेल ते जाळतं.

यांत्रिक पंपाच्या गाडीत चार्जिंग गेलं तरी दिवसा, दिवे बंद ठेवून, बराच पल्ला मारता येतो, कारण सोलेनॉइडला करंट थोडाच लागतो. कॉमन रेलची गाडी तेवढी दया दाखवत नाही.

चावीपासून पंपापर्यंत

माझी गोष्ट इथली आहे. यांत्रिक पंपाच्या गाडीत करंटची वाट अशी: बॅटरी, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच, फ्यूज बॉक्स, मधले एक-दोन कप्लर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग), आणि शेवटी सोलेनॉइड. यातला कुठला दुवा सुटतो ते शोधायचं.

चावी देऊन सोलेनॉइडजवळ कान लावा. वायर काढून पुन्हा टेकवली की "टक" असा आवाज यायला हवा. आवाज नाही, पण वायरीवर टेस्ट लॅम्प जोरात पेटतो, तर सोलेनॉइड मेलेलं. लॅम्पच पेटत नाही तर मागं मागं सरका: कप्लर, फ्यूज, स्विच.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका. दोन्ही बाजूंना टेस्ट लॅम्प लावून बघा. फ्यूज चांगला असून होल्डर ढिला, जळून तपकिरी झालेला असतो. फ्यूज काढताना तो बोटाला फार सैल लागला तर पितळी पात्या बारीक पक्कडीनं दाबा. प्लास्टिक वितळलं असेल तर होल्डर बदला. पात्याच्या फ्यूजचा रंगच त्याचा नंबर सांगतो: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअर. 10 च्या जागी 30 किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

मग चावी. चालू इंजिनात चावी हलकेच वर-खाली, डावी-उजवी हलवा. इंजिन अडखळलं तर स्विच गेला. आपल्याकडे चावीसोबत घराची, गोडाऊनची, मोटरपंपाच्या खोलीची अशी अर्धा पाव किल्ल्यांची माळ लटकते. खड्ड्यात ती माळ स्विच ओढत राहते. गाडीची चावी वेगळी ठेवा.

हे सगळं मी केलं होतं. चावी हलवली, काही झालं नाही. फ्यूज चांगला. सोलेनॉइड नवीन. उभ्या गाडीत कुठलाच दोष दिसेना. आमच्या गावात मोटारी रिवाइंडिंग करणारा एक पोरगा आहे. त्यानं विचारलं, "काकाजी, बंद पडते तवा तिथं करंट असते का नसते, हे पाहलं का कोणं?" कोणीच पाहिलं नव्हतं. पाहणार कसं, चालत्या गाडीत पंपाजवळ बसणार कोण?

त्यानं सोलेनॉइडच्या खिळ्यावरून एक लांब वायर काढली, पंपाजवळच छोटा फ्यूज घातला, वायर खिडकीतून केबिनमध्ये आणली आणि टेस्ट लॅम्पला जोडली. लॅम्पचं दुसरं टोक डॅशच्या खालच्या लोखंडाला. दिवा काचेसमोर टांगला. आता गाडी चालवा, आणि बंद पडेल तेव्हा दिव्याकडं पाहा. दिवा विझला तर सोलेनॉइडपर्यंत करंट पोचत नाही, म्हणजे दोष वाटेत. दिवा जळत राहिला आणि इंजिन गेलं, तर सोलेनॉइड, त्याचा अर्थ किंवा डिझेल. वायर सायलेन्सरला आणि पट्ट्याला लागणार नाही एवढं मात्र बघा.

रात्री निघालो. हेडलाइट लावले, दिवा थोडा उतरला. गाण्यांचा टेप चालू होता, दिवा आणखी उतरला. इंडिकेटर दिला तर दिवा इंडिकेटरच्या तालावर लुकलुकायला लागला. अन् ब्रेक दाबला तसा दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला आणि इंजिन गेलं. विझला नाही, फक्त मंद झाला. तीन मेकॅनिकना जे दिसलं नाही ते या दिव्यानं दाखवलं: करंट तुटत नव्हता, कमी पडत होता.

मग मोजलं. इंजिन बंद, चावी चालू, सगळे दिवे आणि ब्रेक लावून. बॅटरीवर 12.3. स्विचच्या आत जाणाऱ्या वायरीवर 12. स्विचच्या बाहेर पडणाऱ्या वायरीवर 7 च्या घरात. पाच व्होल्ट एका स्विचमध्ये गडप. आतला तांब्याचा बिंदू जळून काळा झाला होता, आणि जाळला होता मीच. आधीच्या मालकानं टेप चावीच्या वायरीवर घेतला होता. मी त्यावर फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर आणि मागच्या डाल्याचा दिवा चढवला. सगळं त्या एका बिंदूतून. उभ्या गाडीत, दिवसा, भार नसताना दोष दिसणार तरी कसा?

नवा स्विच टाकला, पण तेवढ्यानं सहा महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं. म्हणून फॉग लॅम्प, हॉर्न आणि टेप रिलेवर घेतले. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीवरून फ्यूज लावून वायर, 87 वरून दिव्यांना, 86 ला चावीची बारीक वायर, 85 अर्थला. आता चावी फक्त रिलेला हुकूम देते, भार बॅटरी उचलते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात लावा, दुसऱ्या टोकाला नाही. मधली वायर घासली तर वाचवणारा तोच.

कॉमन रेलची गाडी असेल तर

वरचं सगळं इथंही लागू आहे, बॅटरी आणि अर्थ तर दुप्पट. त्यानंतर दोन जागा.

मुख्य रिले. ईसीएमला करंट देणारा रिले आतून जळाला की गाडी धक्क्यात बंद होते आणि बोनेट उघडून रिलेवर टिचकी मारली की चालू. शेजारी हॉर्नचा तसाच रिले असेल, अंगावरचे नंबर आणि आकृती जुळत असेल, तर दोघांची अदलाबदल करा. हॉर्न बंद आणि गाडी ठीक झाली, तर उत्तर मिळालं.

क्रँक सेन्सर. इंजिन तापलं की बंद, अर्ध्या तासानं निवलं की चालू, आणि मे महिन्यात रोज, अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. आतली बारीक तार उष्णतेनं फुलून सुटते, थंड झाली की जुळते. आरपीएमचा काटा असेल तर हे पाहा: गाडी गिअरमध्ये सरकतेय, म्हणजे इंजिन अजून फिरतंय, तरी काटा एकदम शून्यावर आदळला, तर सेन्सरचा सिग्नल गेला. सेल्फ मारतानाही काटा जराही उठत नसेल तरी तेच. स्कॅनरवर पी0335 हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. सर्किटचा म्हणतो, सेन्सरचा नाही. कप्लरमध्ये तेल-माती शिरली, वायर घासली तरी हाच कोड येतो. म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी कप्लर उघडा, पुसा, पिना ताठ आहेत का पाहा आणि वायर सायलेन्सरच्या बाजूनं कुठं चिकटलीय का, हे बोट फिरवून बघा. एक खूण: गाडी बंद पडल्याबरोबर सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत चालू झाली तर संशय पक्का होतो. पंखा आणि पट्टा थांबल्याची खात्री करूनच हात घाला.

चावी दिल्यावर किल्लीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर प्रश्न इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या कुलुपाचा आहे. आधी दुसरी चावी लावून बघा. पुढचं काम डीलरचं किंवा चांगल्या स्कॅनरवाल्याचं.

उंदीर, पाणी आणि धुलाई

सोयाबीन निघालं की डाल्यात दाणे सांडतात, ताडपत्रीच्या घडीत राहतात, आणि त्यांच्या मागं उंदीर इंजिनापर्यंत येतो. ऑक्टोबरात कुरतडलेली वायर लगेच दगा देईल असं नाही. तांबं उघडं पडतं, हिरवं होत जातं आणि पुढच्या जुलैत पहिल्या झडीला गाडी नाल्याच्या अलीकडं थांबते. म्हणून हंगाम संपला की डाला झाडा आणि बॅटरीखालचा, फायरवॉलजवळचा, इंजिनाच्या मागचा वायरिंगचा गुच्छ टॉर्च लावून पाहा. लेंड्या दिसल्या तर आणखी खोल बघा.

शोधायला वायर हलवा. इंजिन सुरू ठेवून, पंखा-पट्ट्यापासून बाह्या दूर ठेवून, गुच्छ एकेका वितीवर धरून हलकेच वाकवा. ज्या जागी इंजिन अडखळेल तिथं टेप सोला. पाण्याचा दोष असेल तर फवारणीच्या पंपानं, नोझल बारीक करून, एकेका कप्लरवर हलका शिडकावा मारा आणि थांबा. शेतातल्या मोटरीची धार मारून इंजिन धुणाऱ्यांना मात्र माझे हात जोडलेत. त्या दाबानं पाणी जिथं जाऊ नये तिथं जातं, आणि दोन दिवसांनी "धुतल्यापासून गाडी नीट नाही जी" सुरू होतं.

डाल्याला वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, ईसीएमचा कप्लरही सोडवा, आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा.

रस्त्यात अडकलात तर

यांत्रिक पंपाच्या गाडीत, सोलेनॉइडपर्यंत करंट येत नाही एवढं कळलं असेल तर घर गाठता येतं. सोलेनॉइडची मूळ वायर काढून टेप गुंडाळा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून 10 अँपिअरचा फ्यूज लावून नवी वायर थेट सोलेनॉइडवर द्या. सेल्फ मारा, गाडी चालेल. आता चावीनं इंजिन बंद होणार नाही हे ध्यानात ठेवा. वायरीचा मधला जोड केबिनमध्ये हाताशी ठेवा, ओढला की इंजिन बंद झालं पाहिजे. पोचल्यावर वायर काढायला विसरलात तर सोलेनॉइड रात्रभर बॅटरी पीत बसेल. ही युक्ती कॉमन रेलच्या गाडीवर करू नका.

जोड

नुसत्या दोन वायरी पिळून टेप मारलेला जोड आपल्या उन्हात एक उन्हाळा काढत नाही. टेपचा चीक वितळतो, टेप सरकतो, धूळ बसते. वायर पुरेशी सोला, जाडी मूळ वायरीएवढीच घ्या, लग दाबायच्या पक्कडीनं दाबा किंवा डाग द्या (सोल्डर करा), आणि त्यावर हीटश्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा. नळी जोडाच्या आधी वायरीत ओवायची असते, हे जोड झाल्यावर आठवतं. मला प्रत्येक वेळी एक जोड पुन्हा कापावा लागतो. जोड गुच्छाला बांधा, लोंबता ठेवू नका, आणि जिथं वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बूच आहे का ते पाहा.

मग चाचणी. रिकाम्या गाडीनं गावात चक्कर मारून "झालं" म्हणू नका. ज्या परिस्थितीत बंद पडत होती तीच आणा: तापलेलं इंजिन, भरलेला डाला, रात्र, सगळे दिवे चालू, पांदणीचा खडबडीत रस्ता, आणि मधेमधे ब्रेक. टेस्ट लॅम्प काचेसमोर तसाच टांगलेला ठेवा. माझा मी नंतर आठ दिवस काढला नाही. तुरीची पहिली खेप पोचवून रात्री परत येताना वडकीजवळ रांगेत ब्रेक दाबून उभा होतो, इंडिकेटर चालू, टेप चालू, आणि दिवा हलला नाही.